हिरवळीवर ठेवलेला कॉम्प्युटर

आमच्या गल्लीतली माणसं वर्षाचे एक्कावन्न आठवडे अत्यंत सज्जन असतात. चुकून आलेली एकमेकांची पत्रं नेऊन देतात, कुणी बाहेरगावी गेलं तर त्याच्या मांजराला खायला घालतात. बावन्नावा आठवडा जड कचऱ्याचा. त्या आठवड्यात मी माझ्या सख्ख्या नवऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, नगरपालिका तारीख कळवते. त्या सोमवारी तिचा ट्रक येणार. तोवर आठवडाभर ज्याने त्याने आपल्या मोडक्या खुर्च्या, गाद्या, पाय गेलेली टेबलं घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर मांडून ठेवायची. नियम एकच, आणि तो कुठेही लिहिलेला नाही: पट्टीवर आलं ते सगळ्यांचं. हवं त्याने उचलावं. दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही, आभारही मानायचे नाहीत. पुढे कधी आपला दिवा शेजाऱ्याच्या घरात दिसलाच, तर ‘छान आहे हो दिवा’ एवढंच म्हणायचं. त्यामुळे त्या आठवड्यात संध्याकाळी सगळी गल्ली कुत्रं फिरवायला बाहेर पडते. ज्यांच्याकडे कुत्रं नाही, तेसुद्धा.

अशा आठवड्यात शहाण्या माणसाने घरात नवं काम काढू नये. मी कॉम्प्युटरची मेमरी वाढवायला घेतली.

त्याला कारण होतं. शनिवारी आमची फ्लॉरी एक वर्षाची होणार होती आणि तिच्या वर्षभराचा छोटासा चित्रपट करून सगळ्यांना दाखवायचं मी कबूल केलं होतं. होबार्टहून सासूबाई येणार होत्या. फ्लॉरीचं पहिलं हसू त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते फक्त अकरा सेकंदांचं आहे: माझा नवरा डेक्लन मोजा हातात घालून त्याचं बदक करतो, ती बदकाकडे संशयाने बघते, आणि मग तिच्या पोटातून काहीतरी फुटतं. फोन भरला म्हणून मी ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं आणि फोन पुसून टाकला. म्हणजे जगात ते हसू एकाच ठिकाणी होतं, जेवणाच्या खोलीतल्या त्या काळ्या डब्यात. आणि डबा असा, की चार व्हिडिओ एकाशेजारी एक लावले की गप्प बसायचा. पाचवा लावला की मरायचा.

डेक्लन ट्राम चालवतो. त्याचं मत पडलं की नवा घ्यावा. मी म्हटलं, नुसती मेमरी वाढवली की झालं, एक पट्टी तर खोचायची असते, मी खोचेन. “जमेल तुला,” तो म्हणाला. नवरा इतक्या चटकन ‘जमेल’ म्हणाला की ओळखावं, बिघडल्यावर काय बोलायचं ते त्याने आत्ताच ठरवून ठेवलं आहे.

दुकानदार पन्नाशीचा, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला. त्याने विचारलं, कॉम्प्युटर कुठला? मी म्हटलं, काळा. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे नवरा असेल असं त्याला वाटलं असावं. मागे बाबागाडीत फ्लॉरी होती. ती उत्तर देईल म्हणून तो क्षणभर थांबलाही. पहिल्या दिवशी त्याने दिलेली पट्टी घरी आणून पाहिली, तर खाचेच्या अर्ध्यापर्यंत पोचेना. ती मांडीवरच्या कॉम्प्युटरची निघाली. दुसऱ्या दिवशीची लांबीला बरोबर होती, पण तिच्या कडेला जो छोटा काप असतो तो नको त्या जागी. तिसऱ्या दिवशी मी जुनी पट्टीच काढून त्याच्या टेबलावर ठेवली. “ही आधीच आणली असतीत तर,” तो म्हणाला. मला वाटतं, हे वाक्य तो तीन दिवस राखून बसला होता.

घरी आले तर फाटकाशी नेव्हिल. नेव्हिल शेजारी राहतो, निवृत्त आहे, आणि त्या दिवसांत डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा घालून हिंडतो, कारण वसंतात आमच्या गल्लीतला मॅगपाय पक्षी माणसांच्या टाळूवर झडप घालतो. डब्याला त्याने मागच्या बाजूने दोन डोळे काढले आहेत. त्यामुळे तो पाठ फिरवून गेला तरी आपल्याकडे बघतोय असं वाटत राहतं.

माझ्या हातातली पिशवी पाहून त्याचा चेहरा गंभीर झाला. मेमरी? स्वतः? मग त्याने मला अंगातल्या विजेवर व्याख्यान दिलं. माणूस गालिच्यावरून चालला की त्याच्या अंगात वीज साठते, ती बोटातून पट्टीत उतरते आणि पट्टी जागच्या जागी मरते. दिसत काही नाही. लोकरीचे मोजे घालायचे नाहीत. एका हाताने नळ धरून ठेवायचा. माझा नळ स्वयंपाकघरात आणि कॉम्प्युटर जेवणाच्या खोलीत, असं मी सांगितल्यावर तो विचारात पडला. “मग नळ धरायला दुसरं कुणीतरी लागेल, आणि त्याने तुला धरायचं.” हे मी विसरून गेले. पुढे आठवावं लागलं.

गुरुवारी सकाळी फ्लॉरी झोपली आणि मी डबा अंधाऱ्या कोपऱ्यातून पहिल्यांदाच कुंपणाकडच्या खिडकीत, उजेडात आणून त्याचं झाकण काढलं. आत कॉम्प्युटर दिसेना. आत एक प्राणी होता. डेक्लनचा कुत्रा आमच्या लग्नाच्या आधी वारला, पण त्याचे बहुतेक सगळे केस तिथे सुखरूप होते. कुंपणावरून डोकावून नेव्हिल म्हणाला, यावर पट्टी खोचलीस तर आग लागेल. त्याच्याकडे पाला उडवायचं यंत्र आहे. ते त्याने आजवर पाल्यावर कमी आणि बाकी सगळ्यावर जास्त वापरलं आहे. घरात नको, बाळ आहे. मागच्या अंगणात नको, कपडे वाळताहेत. व्हरांड्यात नको, वारा आत येतो.

राहिली गवताची पट्टी.

आता मागे वळून पाहताना मला दिसतं की मी स्वतःच्या हातांनी तो डबा उचलला, बाहेर नेला, आणि जड कचऱ्याच्या आठवड्यात, भर सकाळी साडेदहाला, पट्टीवर ठेवला. बाकी सगळ्यांवर संशय घेण्यात मी इतकी गुंतले होते, की स्वतःवर लक्ष ठेवायला कुणी उरलंच नव्हतं.

नेव्हिलने यंत्र सुरू केलं. कुत्रा ढगासारखा वर उठला आणि उत्तरेला गेला. त्याच्या पाठोपाठ झाकणाचे तीन स्क्रूही. त्या आवाजाने फ्लॉरी उठली आणि मी आत धावले. दूध, लंगोट, पुन्हा लंगोट. वीस मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर पट्टीवर फक्त कडेचं झाकण पडलेलं. चोराने दार ठेवलं होतं आणि घर नेलं होतं.

माझ्या खिशात नवी मेमरी होती. कडेवर वर्षाची होऊ घातलेली पोर. आणि तिचं हसू कुणीतरी काखोटीला मारून नेलं होतं.

पहिला संशय नेव्हिलवर. यंत्र ठेवायला शेडमध्ये गेलो होतो, म्हणाला. वीस मिनिटं? यंत्र पुसावं लागतं. दुसरा संशय भंगार गोळा करत फिरणाऱ्या पांढऱ्या टेम्पोवर. तो सकाळीच गल्लीतून गेला होता, हळू. तिसरा समोरच्या बर्तोलिनीबाईंवर, कारण मी वर पाहिलं तेव्हा त्यांचा पडदा हलत होता.

या तिसऱ्या संशयाचा मात्र मला त्रास व्हायला लागला. बर्तोलिनीबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. साठ वर्षांपूर्वी इटलीहून आलेल्या, एकट्या राहतात. आणि सोमवारी त्यांच्या पट्टीवरची डुलती खुर्ची मी उचलली होती. अगदी नियमाने. बाबागाडीत फ्लॉरी दात येताना रडतात तशी रडत होती. मी तिला घेऊन सहज त्या खुर्चीत टेकले आणि ती गप्प झाली. मग खुर्ची तिथे ठेवून येणं म्हणजे आई म्हणून कर्तव्यात कसूर झाली असती. तेव्हापासून फ्लॉरी त्याच खुर्चीत झोपते. आता त्यांच्याकडे जाऊन ‘माझा कॉम्प्युटर उचललात का’ विचारायचं, तर कुठल्या तोंडाने? नियम म्हणजे नियम. उद्या त्यांनी विचारलं, ‘आणि माझी खुर्ची?’ तर?

म्हणून मी नगरपालिकेला फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज फार गोड होता. पट्टीवर ठेवलेली वस्तू नगरपालिकेची होते, त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मी ती टाकलेली नव्हती, ठेवलेली होती. दोन्हीत दिसायला फरक नसतो, त्या म्हणाल्या. मग वस्तू कुठली ते विचारलं. कॉम्प्युटर म्हटल्यावर त्यांचा आवाज थोडा कमी गोड झाला. कॉम्प्युटर जड कचऱ्यात टाकायला बंदी आहे, तो वेगळ्या केंद्रावर न्यावा लागतो, दंड होऊ शकतो. नाव, पत्ता? मी भाबडेपणाने दिला. शेवटी त्यांनी मला तक्रारीचा क्रमांक दिला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तक्रार माझ्याविरुद्ध नोंदली गेली होती.

त्यानंतर मी बाबागाडी घेऊन गस्तीला निघाले. गल्लीत तीन फेऱ्या. प्रत्येक ढिगाऱ्याशी थांबून, गाद्या उचकून, खिडक्यांतून जमेल तितकं आत बघत. लोक माझ्याकडे बघत होते. एकीने बाहेर येऊन आपली धुण्याची बादली आत नेली. दुसऱ्याने विचारलं, पाव भाजायचं यंत्र हवं आहे का, चालतं, फक्त थांबत नाही. मी नको म्हणाले, तर तो म्हणाला, लाजू नकोस. घरी आले तेव्हा बाबागाडीच्या खालच्या जाळीत एक दिव्याची टोपी होती. ती मी घेतल्याचं मला आठवत नाही.

तीन वाजता नेव्हिलने सापळ्याची कल्पना काढली. ज्याने डबा नेला त्याला स्क्रीन लागणारच. स्क्रीन बाहेर ठेवायचा आणि दबा धरायचा. मी म्हटलं, म्हणजे आता स्क्रीनही जाईल. तो म्हणाला, जाईल, पण कुठे जातोय ते कळेल. दुपारी तीन वाजता, चार तासांच्या झोपेवर, हे वाक्य मला पटलं.

आम्ही बाबागाडीत झोपलेल्या फ्लॉरीसकट त्याच्या गॅरेजमध्ये दार चार बोटं उघडं ठेवून बसलो. डोळे अंधाराला सरावल्यावर मला तिथे आमचा जुना टोस्टर दिसला. पलीकडे आमचंच छत्र्यांचं स्टँड. “छान आहे हो टोस्टर,” मी म्हटलं. “आहेच,” नेव्हिल म्हणाला, आणि आम्ही दोघं पुन्हा फटीतून बाहेर बघायला लागलो.

दहा मिनिटांत समोरचं दार उघडलं. बर्तोलिनीबाई बाहेर आल्या: सपाता, काळा स्वेटर, मागे भाजी आणायची चाकांची पिशवी. रस्ता ओलांडला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आमच्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. मग स्क्रीन उचलून पिशवीत उभा केला, त्यावर रुमाल टाकला आणि परत गेल्या.

नेव्हिल हळूच म्हणाला, त्याला पहिल्यापासून वाटत होतं. मी म्हटलं, चला मग. तो म्हणाला, त्याला येता येणार नाही. मागच्या वर्षी बाईंच्या टोमॅटोच्या काठ्या पट्टीवर होत्या. निदान पट्टीच्या जवळ तरी होत्या.

म्हणून फ्लॉरीला कडेवर घेऊन मी एकटीच गेले. मनात वाक्यं जुळवत होते. ‘मी आरोप करत नाही, पण.’ ‘गैरसमज झाला असेल, पण.’ दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वच्छ टेबलक्लॉथ अंथरून, आमचा डबा ठेवला होता. शेजारी स्क्रीन. दोन्हींवर जाळीदार रुमाल, जसा केकवर घालतात तसा.

“कीबोर्ड आणलास?” त्या म्हणाल्या. “तेवढंच राहिलं होतं.”

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांनी मला बसवलं, फ्लॉरीच्या हातात कडक बिस्किट दिलं, आणि समोर बसून माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर आधी पाहतात आणि मग विचारतात.

“रोवीना, झोप मिळते का गं तुला?”

मी म्हटलं, मिळते. त्यांचा विश्वास बसला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी त्यांनी खिडकीतून पाहिलं, की मी डबा पट्टीवर ठेवला आणि घरात पळाले. पांढरा टेम्पो आला, माणूस उतरला, त्याने डब्याला हात घातला. बाई सपातांवर धावत गेल्या आणि त्याला म्हणाल्या, हा माझा आहे. चांगला चालता कॉम्प्युटर बाहेर का टाकेल कुणी? त्यांची स्वतःची लेक, पहिलं बाळंतपण झालं तेव्हा, इस्त्री फ्रीजमध्ये ठेवायची. लग्नाचे फोटो एकदा कचऱ्यात सापडले होते. न झोपलेल्या आईचे हात काय टाकतील सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा डबा सांभाळून ठेवावा आणि संध्याकाळी डेक्लनच्या कानावर घालावं, असं त्यांनी ठरवलं. मग मी गल्लीभर गाद्या उचकत फिरताना दिसले. दुपारी स्क्रीनही बाहेर आला.

“मग मी म्हटलं, आता घरातलं एकेक सगळं बाहेर येणार,” त्या म्हणाल्या. “खिडकीपाशीच बसले. पोरीला बाहेर ठेवलंस तर?”

म्हणजे दिवसभर मी ज्या पडद्यावर संशय घेत होते, त्या पडद्याआडून माझ्या लेकरावर पहारा होता. माझ्यापासून.

मला रडू आलं असतं, पण आधी खुर्चीचं सांगणं भाग होतं. मी मान खाली घालून सुरुवात केली. त्यांनी पुरतं बोलू दिलं नाही.

“उन्हात ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “दर वसंतात ठेवते, पॉलिश करायला. डबी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते, तर तू तिच्यात बसलेली. ही रडायची थांबलेली.” फ्लॉरीच्या हनुवटीवरचं बिस्किट त्यांनी पुसलं. “माझी तिन्ही त्याच खुर्चीत वाढली. मी डबी घेऊन दारात उभी होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? पट्टीवर होती ना.”

त्यांनी फ्लॉरीला आणखी एक बिस्किट दिलं. मग त्यांनी विचारलं, या डब्यात एवढं काय आहे? मी त्या हसण्याचं सांगितलं. त्या उठल्या आणि बाह्या वर सारल्या.

मी घरून कीबोर्ड आणला. मेमरी पाकिटातून काढली. पाकिटावर फ्लॉरीच्या दोन दातांच्या खुणा होत्या. मग मला नेव्हिलचं व्याख्यान आठवलं. बाईंनी एका हाताने नळ धरला आणि दुसऱ्या हाताने माझं कोपर. कारण त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, माझ्याबद्दलचा त्यांचा जुना अंदाज अजून पुरता गेला नव्हता. मी पट्टी खाचेत ठेवली आणि भीत भीत दाबली. सुरू केलं. डब्याने तीनदा टूं टूं टूं केलं आणि गप्प झाला. पुन्हा दाबली. पुन्हा टूं टूं टूं. मोडेल म्हणून जोर लावायचं धाडस होईना. माझे डोळे भरायला लागले तसं बाईंनी नळ सोडला, मला बाजूला केलं, आणि साठ वर्षं कणीक दाबलेले दोन अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले. कट. कट.

डबा सुरू झाला. मी थेट त्या व्हिडिओपाशी गेले. मोज्याचं बदक आलं, लहानगी फ्लॉरी बदकाकडे बघत राहिली, आणि मग अकरा सेकंद ते स्वयंपाकघर तिच्या हसण्याने भरून गेलं. बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला, तोच, डब्यावरचा. मोठी फ्लॉरी माझ्या मांडीवर बसून स्क्रीनमधल्या त्या पोरीकडे भुवया आक्रसून बघत होती. आपल्या बापाच्या बदकाशी ही कोण खेळते, हे तिला आवडलेलं नव्हतं.

शनिवारी चित्रपट झाला. सासूबाईंनी ते हसू सात वेळा पाहिलं. डब्याचं झाकण स्क्रूंवाचून चिकटपट्टीने बसवलं आहे, आणि डेक्लन म्हणाला, मी म्हटलंच होतं जमेल.

राहिली खुर्ची. परत नेऊन द्यायची तर दार वाजवावं लागणार, आणि दार वाजवून दिलेलं बाई घेणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून रविवारी मी तिला पॉलिश केलं आणि दहा वाजता नियमाप्रमाणे आमच्या पट्टीवर ठेवली. स्वतः पडद्याआड उभी राहिले. समोरचा पडदाही हलला. बर्तोलिनीबाई आल्या, डावी-उजवीकडे पाहिलं, खुर्चीत बसल्या. दोनदा डुलल्या. उजव्या पायाशी वाकून पॉलिशवरून बोट फिरवलं, मान हलवली. मग उठल्या आणि खुर्ची तिथेच ठेवून घरी गेल्या.

मी अजून त्याचा अर्थच लावत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरून पांढरा टेम्पो वळला. हळू.

मी फ्लॉरीला उचलून धावले. समोरून बाई सपातांवर धावत आल्या. माणूस उतरून खुर्चीपर्यंत पोचला, तेव्हा तिच्या एका हातावर माझा हात होता आणि दुसऱ्यावर त्यांचा. त्याने आम्हा दोघींकडे, फ्लॉरीकडे, मग पुन्हा बाईंकडे पाहिलं. त्यांना त्याने ओळखलं असावं.

“ही तरी कुणाची आहे?” त्याने विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

“आमची,” बर्तोलिनीबाई म्हणाल्या.

तो टेम्पोत बसला. गल्लीच्या टोकापर्यंत आरशातून आमच्याकडे बघत होता. बाईंनी फ्लॉरीला माझ्याकडून घेतलं आणि खुर्चीत बसल्या, तिथेच, पट्टीवर.